बिऱ्हाड पाठीवर, मुक्काम कुठे?

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. ज्याचा पाय एका ठिकाणी ठरत नाही, ज्याचे घरदार चार गाठोड्यांत मावते, अशा माणसाविषयी बोलताना आपण ती सहज वापरतो. त्या बोलण्यात थोडी कीव असते, थोडी थट्टा असते, आणि विंचवाचे नाव आल्यामुळे थोडे भयही असते. परंतु गेल्या काही वर्षांत पाठीवरच्या या बिऱ्हाडाला एकाएकी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. एका मोटारीत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि मिटवून ठेवता येणारे टेबल बसवायचे, मांडीवरचा संगणक उघडायचा, आणि आज डोंगरात तर उद्या समुद्रकाठी राहून नोकरी करायची, असे जीवन हे अनेक सुशिक्षित तरुणांचे स्वप्न झाले आहे. २०२० च्या टाळेबंदीत कचेरीचे काम कचेरीबाहेरूनही होते हे दिसून आले आणि या स्वप्नाला बळ मिळाले. अशा तरुणांना ‘डिजिटल भटके’ असे नावही मिळाले आहे. त्यांच्यासाठी घडीची घरे, चाकांवरची घरे, पेटीत मावणारी कचेरी यांचे आराखडे जगभरचे वास्तुशिल्पी करीत आहेत.

या नव्या भटक्यांविषयी मला मुळीच आकस नाही. कमी वस्तूंत जगावे, घराचे ओझे करून घेऊ नये, ही वृत्ती चांगलीच आहे. घराचे हप्ते फेडण्यात उमेदीची वीस वर्षे घालवणाऱ्या मध्यमवर्गाला हे कोणी तरी सांगायलाच हवे होते. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या यवतमाळ जिल्ह्यात आपण राहतो, तेथे फिरते घर ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. दिग्रस, आर्णी, घाटंजी, दारव्हा, कुठल्याही गावच्या आठवडी बाजाराच्या कडेला किंवा गावाबाहेरच्या माळावर पाले पडलेली आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मग चाकांवरच्या घरात राहणारा माणूस आधुनिक आणि पालात राहणारा माणूस मागासलेला, हे आपण कशावरून ठरवले? दोन्ही घरे हलतात. फरक पडतो तो ती थांबतात तेव्हा. एकाच्या थांबण्याला आपण मुक्काम म्हणतो आणि दुसऱ्याच्या थांबण्याला अतिक्रमण म्हणतो. हा भेद घराच्या बांधणीतून आलेला नाही. तो आपल्या मनातून आणि आपल्या कायद्यातून आलेला आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

प्रथम बांधणीचाच विचार करू. फिरत्या घराकडून काय अपेक्षा असते? ते वजनाला हलके असावे. थोड्या वेळात उभारता यावे आणि थोड्या वेळात मोडता यावे. काही बिघडले तर हाताशी असलेल्या साहित्याने दुरुस्त व्हावे. आणि राहणे व काम करणे या दोन्ही गरजा त्याने भागवाव्यात. या चार कसोट्या लावून घिसाड्याचे पाल पाहा. दोन उभ्या मेढी, त्यांवर एक आडवा बांबू, त्यावर टाकलेले कापड आणि दोन्ही बाजूंना खुंट्यांशी ताणलेल्या दोऱ्या, एवढाच त्याचा सांगाडा. पूर्वी आच्छादनासाठी गोणपाट आणि जुनी लुगडी एकत्र शिवून घेत. आता प्लास्टिकची ताडपत्री असते, नाही तर निवडणूक आटोपल्यावर उतरवलेले पुढाऱ्यांचे फलक असतात. पालाच्या तोंडाशी जमिनीत लहानसा खड्डा करून भट्टी पेटवतात. शेजारी भाता, अलीकडे हाताने फिरवायचा पंखा. लाकडाच्या ठोकळ्यात रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि पुष्कळदा घरातली स्त्रीच त्यावर घण घालते. स्वयंपाकाची चूल आणि लोखंडाची भट्टी यांत चार हातांचे अंतर. मृग लागण्यापूर्वी वखराच्या पासा, कुऱ्हाडी, विळे, खुरपी हे सर्व या भट्टीतून जाते, त्याला पाणी दिले जाते, धार लागते, आणि मग गावचा हंगाम सुरू होतो. शेतकऱ्याला कारखान्याकडे जावे लागत नाही, कारखानाच त्याच्या बांधापर्यंत येतो. ज्याला आज ‘राहण्याची आणि कामाची एकत्र जागा’ म्हणून नवे नाव देऊन सजवले जाते, ती याहून निराळी काय असते?

असे फिरते कारखाने आपल्याकडे कितीतरी होते. खांद्यावर धनुष्यासारखे यंत्र टाकून कापूस पिंजायला येणारा पिंजारी, चौकात भाता लावून भांडी चकचकीत करणारा कल्हईवाला, दारोदार फिरून पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई. यांच्यापैकी काहींचे काम यंत्रांनी नेले. घिसाड्याचेही बरेचसे नेले. ट्रॅक्टर आला, तयार पाती दुकानात मिळू लागली, आणि घिसाडी तयार माल घेऊन विकू लागला. पण सारे भटकणे संपले असे मात्र नाही.

मेंढपाळांचेच उदाहरण घ्या. आपल्या धनगरांप्रमाणेच कच्छ-काठेवाडकडचे रबारी मेंढपाळही शेकडो मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात येतात. त्यांच्या मुक्कामाला डेरा म्हणतात. उंटाच्या पाठीवर बाज, बाजेवर भांडी, गोधड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी कधी माणसाचे लेकरूही. बाज जमिनीवर टेकली की घर झाले. शेतातले पीक निघाले की शेतकरी त्यांना बोलावतो आणि रात्री मेंढ्या आपल्या शेतात बसवतो. लेंडीखत मिळते म्हणून त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. येथे फिरते घर आणि स्थिर शेत हे एकमेकांचे वैरी नाहीत, एकमेकांवाचून दोघांचेही अडते. स्थिर समाजाने हा व्यवहार विसरून भटक्याकडे केवळ याचक म्हणून पाहिले, तर ते आपल्या अज्ञानाचे लक्षण समजावे.

बांधणीविषयी आणखी एक दाखला देतो, कारण तो मोठा बोधप्रद आहे. २००१ च्या जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला. त्यानंतर जपानचे वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी भूजला कागदी नळ्यांच्या भिंतींची तात्पुरती घरे बांधली. पाया पडलेल्या इमारतींच्या मलब्याचा, जमीन मातीची, आणि छप्पर म्हणजे बांबूच्या वाकवलेल्या कामट्यांवर चटई, तीवर प्लास्टिक आणि पुन्हा चटई. आपत्तीत सापडलेल्या माणसांसाठी केलेल्या अशा कामांचा गौरव म्हणून २०१४ मध्ये बान यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. वास्तुशिल्पात याहून मोठा मान नाही, आणि तो त्यांना योग्यच मिळाला. आता आपल्याच पुसद, महागाव, उमरखेड भागांतील तांड्यांवरून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांची कोपी डोळ्यांसमोर आणा. वाकवलेले बांबू, त्यांवर चटई, तीवर प्लास्टिक, वर पाचट. छपराची युक्ती तीच, साहित्यही तेच. भूजच्या घरांची छायाचित्रे वास्तुकलेच्या पुस्तकांत छापली जातात. कोपी मात्र गळीत हंगाम संपला की मोडून पडते, आणि ती बांधणाऱ्या हातांना कोणी वास्तुशिल्पी म्हणत नाही. मंगोलियातील लोकरी नमद्याच्या गोल तंबूची, म्हणजे गेरची, परंपरागत कारागिरी २०१३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. आपल्या पालाला असा मान मिळावा असा माझा हट्ट नाही. पण ती एक विद्या आहे आणि ती कोणाजवळ तरी आहे, एवढे तरी आपण मान्य करायला हरकत नसावी.

आता थांबण्याच्या प्रश्नाकडे वळू. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला मोठा इतिहास आहे. तांडा हा शब्द आज आपण गावासारख्या स्थिर वस्तीसाठी वापरतो. परंतु मुळात त्याचा अर्थ बैलांच्या पाठीवर माल लादून चालणारा काफिला असा आहे. धान्य, मीठ आणि इतर माल देशभर वाहून नेण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहिले आहे. त्याच शतकातील इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६३२ मध्ये चौदा हजार बैलांच्या तांड्याची नोंद केली आहे. मुक्कामाला बैलांवरच्या गोण्या उतरवून एकावर एक रचत, आणि त्यांचीच तटबंदी होई. विकायचा मालच रात्रीपुरती भिंत होई! घर, गोदाम आणि दुकान या तिन्हींचा मेळ इतक्या काटकसरीने कोणी घातला असेल असे मला वाटत नाही.

परंतु माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मोगल सरदार आसफखान दक्षिणेच्या स्वारीवर निघाला तेव्हा त्याच्या फौजेला रसद पुरवणाऱ्या भंगी आणि जंगी या दोन नायकांना ताम्रपटाने काही सवलती मिळाल्या, असे बंजारा समाजात परंपरेने सांगितले जाते. त्यांत एक सवलत अशी होती की, वाटेत पाणी मिळाले नाही तर लोकांच्या घरातल्या रांजणातले पाणी घ्यावे, आणि चारा मिळाला नाही तर छपरावरचे गवत काढावे. गावकऱ्यांच्या दृष्टीने ही सवलत जाचक असणार यात शंका नाही. तिचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. पण चालणाऱ्या माणसाला वाटेत पाणी, चारा आणि थांबायला जागा लागते, आणि ती मिळण्याची हमी राजसत्तेने द्यावी लागते, हे तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना कळत होते. त्यांना तांड्यांची गरज होती म्हणून कळत होते, एवढेच.

गरज संपल्यावर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाडचा कापूस गाडीतून मुंबईला जाऊ लागला. बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसत गेला. आणि त्याच सुमारास, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली आणि देशातील कितीतरी भटक्या जमाती त्याच्या जाळ्यात आल्या. जो फिरतो, ज्याचा ठावठिकाणा नाही, तो संशयित, असे त्या कायद्यामागचे गृहीत होते. वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयीचे एक जुने आणि सविस्तर इंग्रजी टिपण कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्याचे आहे, आणि हे गृहस्थ वाशीमचे पोलीस अधीक्षक होते. आपले पुसद त्या काळी वाशीम जिल्ह्यात मोडत असे. १९०५ मध्ये ते यवतमाळ जिल्ह्यात आले. एका समाजाची चालीरीती, लग्नविधी, मुक्कामाची पद्धत ही सारी माहिती पोलिसांच्या दप्तरातून आपल्याकडे यावी, यातच त्या काळाचे मन दिसते. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला, पण संशय इतक्या लवकर जात नसतो.

तो गेलेला नाही याची दोन उदाहरणे देतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, पिंपळनेरजवळ पाल ठोकून राहिलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. २०२४ मध्ये न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेप दिली. दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील आहे. २०२२ च्या जानेवारीत तळेगाव दशासर येथे कच्छच्या रबाऱ्यांचे ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले आणि उंट घेऊन जाणाऱ्यांना अटक झाली. हे उंट कत्तलीसाठी नेले जात आहेत अशी तक्रार होती. पुढे न्यायालयाने उंट त्यांच्या मालकांना परत देण्याचा आदेश दिला. दोन प्रसंगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी जाणतो. तरी दोहोंच्या मुळाशी एकच विचार आहे: हा माणूस आपल्या गावचा नाही, त्याचे घर आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा तो काही तरी वाईट करण्यासाठीच आला असावा. संगणक घेऊन फिरणाऱ्या नव्या भटक्याविषयी हा विचार कोणाच्या मनात येतो काय?

उलट त्याच्यासाठी शासन पायघड्या घालते. २०२१ च्या आरंभी महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. चाकांवरच्या घरातून फिरणाऱ्या पर्यटकांसाठी पर्यटनस्थळांजवळ थांबण्याच्या जागा, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, व्हाव्यात, तेथे पाणी, वीज, रस्ता अशा सोयी असाव्यात, अशी त्यामागची कल्पना आहे. धोरण चांगले आहे. उद्या टिपेश्वरच्या अभयारण्याजवळ असा एखादा तळ झाला तर मला आनंदच होईल. पण हे धोरण वाचताना मनात आले की, फिरत्या घराला थांबायला जागा लागते, पाणी लागते, शौचालय लागते, हे शासनाला तर उत्तम समजते! मग हीच समज बाजारतळाच्या कडेला पडलेल्या पालांच्या वेळी कुठे जाते? पर्यटक आठ दिवस थांबतो. घिसाडी पंधरा दिवस थांबतो आणि गावाची अवजारेही दुरुस्त करून देतो. दोघांपैकी गावाच्या अधिक उपयोगी कोण, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

जुन्या काळी थांबण्याच्या जागा होत्या. गावाचे गायरान, नदीकाठ, आमराई, बाजारतळ. आपल्याकडे ज्याला ई-क्लासची जमीन म्हणतात ती गावाच्या सामाईक उपयोगाची जमीन. आज या जमिनींवर कुठे इमारती उभ्या आहेत, कुठे तारेचे कुंपण आहे, कुठे कोणी धनदांडग्याने पऱ्हाटी पेरली आहे. गावाबाहेरच्या माळाचे ले-आऊट पडले. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला. तो आवश्यकच होता. परंतु अंमलबजावणीची वेळ आली की आधी पाल उठते, कारण ते उठवणे सोपे असते. ते मोडायला यंत्र आणावे लागत नाही आणि त्याच्या मालकाची कोणाशी ओळख नसते. वस्तुतः सामाईक जमिनीचा जो मूळ उपयोग, गुरे चारणे, बाजार भरवणे, वाटसरूला उतरू देणे, त्याला पाल हे सर्वांत जवळचे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. भटक्यांना तळ कशाला हवेत, त्यांना पक्की घरे द्या, एका जागी बसवा, मुलांना शाळेत घाला, म्हणजे प्रश्न सुटेल. या आक्षेपाला मी अर्धी मान्यता देतो. ज्याला पालातून बाहेर पडायचे आहे त्याला घर मिळालेच पाहिजे. यवतमाळचा मे महिना प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली काढणे म्हणजे काय, अवकाळी पावसात चूल विझणे, विंचूकाट्याची भीती, उघड्यावरचे बाळंतपण म्हणजे काय, हे पक्क्या भिंतींत बसून गोड शब्दांत रंगवण्याचा अधिकार कोणालाच नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते ज्यांनी वाचले आहे ते भटकेपणाचे गोडवे गाणार नाहीत. महाराष्ट्र शासनाने विमुक्त व भटक्या जमातींसाठी २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली, तीत जागा आणि घर या दोन्हींची तरतूद आहे. ती योजना कागदावरून पालापर्यंत पोहोचावी, यासाठी आपण सर्वांनीच आग्रह धरला पाहिजे.

पण अर्धी मान्यता राखून ठेवण्याचे कारण आपल्याच जिल्ह्यात आहे. बंजारा समाज स्थिर झाला, शेती करू लागला. याच समाजातून पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक आले आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. याहून मोठे परिवर्तन कोणते? आणि तरीही आज अनेक तांड्यांवरची माणसे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीलाच तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती पाच-सहा महिने कोपीत राहतात. गावात घर आहे, घराला क्रमांक आहे, पण वर्षातले निम्मे आयुष्य फडावर जाते. म्हणजे पक्के घर दिले की भटकणे थांबते असे नाही. कोरडवाहू जमीन पोट भरत नाही तोवर माणूस हलणारच. तो हलतो हे गृहीत धरूनच त्याच्या सोयींचा विचार करावा लागेल.

नव्या आणि जुन्या भटक्यांतला खरा भेद येथे सापडतो. नव्या भटक्याने फिरणे निवडलेले असते. कंटाळा आला की तो परत फिरतो, त्याचे कुठे तरी एक घर असते, बँकेत खाते असते, पारपत्रावर पत्ता असतो. जुन्या भटक्याला फिरणे सोडण्याचीही मुभा नाही आणि सन्मानाने फिरण्याचीही नाही. त्याला निवड मिळवून देणे, हे मला या प्रश्नाचे मर्म वाटते. ज्याला बसायचे आहे त्याला घर हवे. ज्याचा धंदाच फिरण्याचा आहे त्याला मुक्काम हवा. एकासाठी दुसरे नाकारण्याचे कारण नाही.

यासाठी फार मोठा पैसा लागेल असेही नाही. प्रत्येक आठवडी बाजाराच्या गावी, बाजारतळाला लागून, एक एकर जागा पालांसाठी राखून ठेवावी. तेथे एक हातपंप किंवा नळ, चार शौचालये, एक दिवा आणि पावसाळ्यात पाणी साचणार नाही असा उंच केलेला ओटा असावा. पाल ज्याचे त्याने आणावे. त्याला ते आपल्यापेक्षा चांगले बांधता येते. आल्या दिवशी ग्रामपंचायतीने नोंद करून पावती द्यावी, म्हणजे पोलीस विचारायला आले तर दाखवायला एक कागद होईल, आणि अफवा उठली तर गावालाही हे लोक कोण ते ठाऊक असेल. राईनपाड्यासारखा प्रसंग टाळण्याचा याहून स्वस्त उपाय मला तरी दिसत नाही.

सरकारी सोयी माणसाबरोबर हलू शकतात, हेही आता सिद्ध झाले आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिका दोन्हीकडे चालू लागली, आणि २०२२ पर्यंत ती सोय देशभर झाली. धान्य जर माणसामागे जाऊ शकते तर शाळेचे हजेरीपत्रक, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचा कागद हे का जाऊ नयेत? अडचण एवढीच की, मुळात शिधापत्रिका मिळवायला पत्ता लागतो, आणि ज्याच्यासाठी सोय केली त्याच्यापाशी नेमका तोच नसतो. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या दोन्ही आयोगांचे अध्यक्ष, बाळकृष्ण रेणके आणि भिकूजी इदाते, महाराष्ट्राचेच होते. रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, इदाते आयोगाचाही येऊन बरीच वर्षे झाली. अहवालांची उणीव नाही. अहवाल पालापर्यंत नेणाऱ्या माणसांची उणीव आहे.

येथे आपल्या महाविद्यालयाचा संबंध येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. आपण एखाद्या खेड्यात सात दिवस राहतो, रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, गाणी म्हणून परत येतो. हे सात दिवस आपणही भटकेच असतो. फरक इतकाच की आपल्याला शाळेची खोली उघडून मिळते आणि सरपंच हार घालतात. पुढील शिबिरात आपण वेगळे काही करू शकू. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातील मुक्कामाच्या जुन्या जागांचा नकाशा करावा: पूर्वी पाले कुठे पडत, आज तेथे काय आहे, पाणी किती दूर आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पालात जाऊन कोणाजवळ कोणता दाखला आहे आणि कोणता नाही याची यादी करावी, आणि ती तहसीलदारांकडे स्वतः नेऊन द्यावी. मराठीच्या विद्यार्थ्यांनी पालाच्या, भट्टीच्या, डेऱ्याच्या भाषेतले शब्द उतरवून घ्यावेत. पालाच्या प्रत्येक दोरीला, मेढीला, गाठीला नाव असते, आणि ती नावे आपल्या शब्दकोशांत शोधून सापडतीलच असे नाही. ज्यांना चित्रकलेची आवड आहे त्यांनी पालाची, कोपीची मापे घेऊन रेखाटने करावीत, आणि बांधणाऱ्यालाच विचारावे की उन्हाळा सुसह्य होण्यासाठी तो यात काय बदल करील. उत्तर त्याच्याजवळ असते. आजवर विचारले कोणी नाही, एवढेच.

माझ्या वर्गातील कित्येक मित्रांना उद्या पुण्या-मुंबईत, कदाचित परदेशात, संगणक पाठीवर घेऊन फिरण्याचे भाग्य लाभेल. नव्या गावात खोली शोधताना घरमालक जेव्हा विचारील, ‘तुम्ही कुठले? कायमचा पत्ता काय? ओळख देणारे कोणी आहे काय?’ तेव्हा त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, आपल्या बाजारतळावर आलेल्या माणसाला आपण हेच प्रश्न विचारीत होतो, आणि उत्तर ऐकण्यापूर्वीच त्याला पुढे हाकलीत होतो. ते भाग्य येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या तालुक्यात एक तळ, एक नळ आणि एक दिवा एवढे जरी आपल्या खटपटीने झाले, तरी या महाविद्यालयात शिकल्याचे काही चीज झाले असे म्हणता येईल.